हिरव्या गाडीच्या मागच्या सीटवरून कुवेत

कुवेतला फिरायला कोणी जात नाही. नोकरीला जातात, बाळंतपणं काढायला जातात, दोन वर्षांनी चॉकलेटं आणि ब्लँकेटं घेऊन परत येतात. ट्रॅव्हल एजंटला मी "कुवेत, आठ दिवस, फिरायला" म्हटलं तेव्हा त्याने चष्मा वर करून विचारलं, "ताई, दुबई म्हणायचंय ना?" नाही, कुवेतच म्हणायचं होतं. २००७ च्या जानेवारीत मी आणि माझे वडील तिथे जाऊन आलो, एका जुन्या मोटारीला निरोप द्यायला.

माझे वडील, आबा, कुडाळचे. गाड्यांच्या सीटा शिवणं हा त्यांचा धंदा. नव्वदच्या दशकातली बहुतेक वर्षं त्यांनी कुवेतच्या अम्गरा भागातल्या एका गॅरेजमध्ये काढली. तिथे सीटा शिवणाऱ्याला 'टेलर'च म्हणतात, त्यामुळे आबांना नावाने हाक मारणारं तिकडे कोणी नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ, आमचा भाऊकाका, अजून त्याच गॅरेजमध्ये डेंटिंगचं काम करतो. डिसेंबरात त्याचा फोन आला.

"दादा, हिरवी जातासा. अमेरिकेत, लिलावात. शेठ म्हणता, टेलराक बोलव. गाडयेची गोष्ट सांगूक तोच व्हयो."

शेठ म्हणजे अबू नासेर हे कुवेती गृहस्थ, आणि हिरवी म्हणजे त्यांच्या वडिलांची पन्नासच्या दशकातली अमेरिकन मोटार. पिस्त्याच्या बर्फीसारखा रंग, मागे माशाच्या परासारखे दोन उंच पंख आणि आमच्या पडवीत मावणार नाही एवढी लांबी. १९९०च्या इराकी आक्रमणानंतर ती एका शेडमध्ये सापडली तेव्हा आत वाळू भरलेली होती आणि सीटांच्या जागी नुसत्या स्प्रिंगा उरल्या होत्या. काकाने तिचा पत्रा सरळ केला आणि आबांनी तिच्या सीटा पहिल्यापासून बांधल्या. सगळं तयार झाल्यावर अबू नासेरचे वडील मागच्या सीटवर बसले, मुलाने गाडी चालवली आणि हिरवी गेली. आबा गॅरेजच्या फाटकाशी सुई-दोरा हातात घेऊन उभे राहिले. त्यानंतर गाडी सर्व्हिसिंगला यायची आणि जायची, पण टेलरला तिच्यात बसून फिरायचं काय कारण?

"एकदाच तिच्या मागच्या सीटीर बसान दर्याकडच्या गल्फ रोडान जावचा हा, बायो," आबा मला म्हणाले. "मगे ती खंयय जाऊंदे."

आता ते सत्तरीला आले होते आणि गाडी सातासमुद्रापार चालली होती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. मी शाळेत रजा टाकली, व्हिजिट व्हिसाचं काम अबू नासेरनी तिकडून केलं, आणि मुंबईहून आम्ही विमानात बसलो.

पहिली सूचना जाणाऱ्यांसाठी: स्वेटर न्या. वाळवंट म्हटलं की आपल्याला घामच आठवतो. जानेवारीत विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि माझे दात वाजायला लागले. आबांनी मात्र कानटोपी, मफलर आणि आईने विणलेला स्वेटर असा सगळा सरंजाम हँडबॅगेत ठेवला होता. तो त्यांनी माझ्यासमोर अगदी सावकाश, एकेक करून चढवला आणि मग विचारलं, "तुका सांगलंय ना मी?"

आमची सोय बनेद अल-गारमधल्या एका फर्निश्ड फ्लॅटमध्ये होती. समुद्र पाच मिनिटांवर, खाली इराणी भटारखाना. भट्टीच्या भिंतीला चिकटवून भाजलेली परातीएवढी रोटी, खुबूस, वीस-तीस फिल्सला एक मिळते. फिल्स म्हणजे तिथले पैसे, हजार फिल्सचा एक दिनार, आणि दिनार म्हणजे तेव्हाचे दीडशेच्या आसपास रुपये. हा हिशेब पहिले दोन दिवस करा आणि मग सोडून द्या, नाहीतर चहासुद्धा घशाखाली उतरत नाही. बस स्वस्त आणि स्वच्छ आहे. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. सरकारी इमारतींकडे कॅमेरा वळवू नका, मला एका पोलिसाने अत्यंत सभ्यपणे तो पिशवीत ठेवायला लावला.

पहिल्या दिवशी आबांनी मला शर्कच्या मासळीबाजारात नेलं. तिथली झुबैदी म्हणजे आपलं पापलेट. कुवेती लोक तिच्यावर जीव टाकतात. आबांनी एक उचलून गालफड उघडून पाहिलं, भाव विचारला आणि मासा असा खाली ठेवला की विक्रेत्यालाच ओशाळल्यासारखं झालं. "ताजा हा," मला म्हणाले, "पण आपल्या मालवणच्या पापलेटाची चव नाय." ही चव त्यांनी न खाताच ठरवली होती. संध्याकाळी भाऊकाकाने तीच झुबैदी तळून आणली तेव्हा आबांनी तीन तुकड्या खाल्ल्या आणि मत बदललं नाही.

शुक्रवार तिकडे सुट्टीचा. सकाळी काका आम्हाला रुमैथियाला अबू नासेरच्या घरी घेऊन गेला. रुमैथिया म्हणजे रुंद शांत रस्ते, उंच भिंतींचे बंगले आणि प्रत्येक बंगल्याला दिवाणिया, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीची मोठी खोली. तिथे पुरुषांचीच बैठक असते. पण मी पाहुणी, त्यातून कॅमेरावाली, म्हणून मला दाराजवळ स्वतंत्र खुर्ची आणि स्वतंत्र खजुरांची बशी मिळाली. अबू नासेर साठीचे, भरदार, हसरे. लहानपणी वडिलांबरोबर व्यापारासाठी मुंबईला राहिलेले, त्यामुळे हिंदी फर्डं, फक्त व्याकरण स्वतःचं. आबांना त्यांनी छातीशी धरलं आणि दोन्ही गालांना गाल लावले. आबांची कानटोपी तिरकी झाली.

"टेलर! तुम बूढा हो गया!"

"आप भी, शेठ," आबा म्हणाले. काकाने डोळे वटारले, पण अबू नासेर खदखदून हसले.

समोर भिंतभर टीव्ही होता. अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे कुवेतची सकाळ, आणि तिथल्या मोटारींचा लिलाव सॅटेलाइटवरून थेट चालू होता. मी असलं काही कधी पाहिलं नव्हतं. मोठाच्या मोठा मंडप, दिव्यांच्या झोतात एक मोटार फिरत्या पाटावर उभी, आणि एक माणूस श्वास न घेता आकडे म्हणतोय. बोली लागली की त्याचे मदतनीस दोन्ही हात उंचावून आरोळी ठोकतात. खाली पडद्यावर आकडा पळतो. काका मला समजावत होता की दोनेक वर्षांपूर्वीपर्यंत या गाड्यांना असा भाव नव्हता. टीव्हीवर दाखवायला लागले आणि दर महिन्याला नवाच उच्चांक. एकाने घेतली म्हणून दुसऱ्याला हवी, दुसऱ्याला हवी म्हणून पहिल्याची दुप्पट. अबू नासेरनी स्वतःची गाडी विकायचा विचार कधी केलाच नव्हता. वडील गेल्यावर ती उभीच होती, मुलांना तिच्यात रस नव्हता, आणि आता टीव्हीने घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात आकडे भरवले होते.

आणि मग हिरवीची जुळी बहीण पाटावर आली. तीच गाडी, फक्त निळी.

दिवाणियात सगळे पुढे सरकले. आकडा पळू लागला. मी मनात रुपये करत होते आणि मागे पडत होते. कुडाळच्या बाजारपेठेतली दुकानांची एक ओळ, मग दोन ओळी, मग मी नाद सोडला. हातोडा पडला तेव्हा अबू नासेर उभेच राहिले होते. त्यांचे दोन मुलगे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. आबा तेवढे शांत बसले होते. ते आकड्याकडे बघतच नव्हते, कॅमेरा निळीच्या मागच्या सीटवर जाईल तेव्हाच मान पुढे काढत होते.

निवेदक काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होता. काका माझ्याकडे झुकला. "काय म्हणता गो तो?"

"म्हणतोय की या गाडीत सगळं मूळचंच आहे, म्हणून एवढी किंमत. रंग मूळचा, काचा मूळच्या. सीटांच्या आतला भरावसुद्धा कारखान्यात भरत होते तोच. कापूस आणि घोड्याचे केस."

काकाचा चहाचा पेला ओठांपाशीच थांबला.

कारण हिरवीच्या सीटांत घोड्याचे केस नव्हते. तिच्यात काथ्या होता. नारळाचा, आमच्याकडचा. आक्रमणानंतरच्या त्या काळात कुवेतमध्ये असलं सामान मिळेना, आणि मिळालं असतं तरी आबांनी ते घेतलं नसतं. घोड्याच्या केसांवर माणसाने बसावं ही कल्पनाच त्यांना घाण वाटायची. त्यांच्या खोलीत सगळे आपल्याकडचेच, कोणी कुडाळचा, कोणी वेंगुर्ल्याचा, एक रत्नागिरीचा खलाशी. जो सुट्टीवरून परत येई त्याच्या बॅगेत त्या वर्षी लोणच्याच्या बरणीऐवजी काथ्याची जुडी असायची, कुणाच्या बायकोने ठोकून, विंचरून, उन्हात वाळवून दिलेली. अख्ख्या खोलीने वर्षभर लोणच्याशिवाय जेवण केलं तेव्हा त्या सीटा भरल्या. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की मला ती गुपित वाटावी असं काही त्यात नव्हतंच. आबा तर ती लग्नाच्या पंगतीतही सांगतात.

परतताना टॅक्सीत काकाने आबांचा हात घट्ट धरला. "दादा, उद्या तो लिलाववालो गोरो गाडी बघूक येतलो. सगळा सांग. शेडीतली वाळू सांग, स्प्रिंगा सांग. पण काथ्याचा नाव काढू नको. शेठच्या गाडयेचो भाव पडतलो."

"मी कित्याक काढू?" आबा म्हणाले.

मी त्यांना तीस वर्षं ओळखते. मला त्याच क्षणी काळजी वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्यामागच्या शेडमध्ये मी हिरवीला पहिल्यांदा पाहिलं. फोटोत ती सुंदर दिसते, समोर मात्र ती हसल्यासारखी दिसते. पण सीटांवर जाड प्लास्टिक चढवून चिकटपट्टीने बंद केलं होतं, आणि दारावर इंग्रजीत आणि अरबीत कागद लावला होता: आत बसू नये. लिलाववाल्यांच्या अटीच तशा होत्या. गाडी जहाजावर चढेपर्यंत कोणी बसायचं नाही. आबांनी तो कागद मला वाचायला लावला. मी वाचून दाखवला. ते "बरां" म्हणाले आणि काचेतून आत बघत उभे राहिले. मला इतकं वाईट वाटलं की तो कागद फाडून टाकावासा वाटला.

लिलाववाल्यांचे तपासनीस दुबईहून आले होते. इंग्रज, वयस्कर, गुडघ्यांखाली ठेवायला स्वतःची उशी घेऊन फिरणारे. माणूस भला होता. त्यांनी गाडीखाली, बोनेटखाली, दारांच्या फटीत बॅटरी मारून पाहिलं. मग मागचं प्लास्टिक थोडं उचलून शिवणीवरून बोट फिरवत नेलं, कोपऱ्यापर्यंत. थांबले. परत फिरवलं. आणि विचारलं, "हे कोणी शिवलंय?"

आबा पुढे झाले. तपासनीस म्हणाले, की इतकी सरळ हातशिलाई मी फार वर्षांत पाहिली नाही. मी भाषांतर केलं. करायला नको होतं, असं काका अजून म्हणतो.

आबांची छाती फुगली. "कव्हर तो कुछ नहीं, साहेब!" ते म्हणाले आणि मग थेट इंग्रजीतच शिरले. "इनसाइड! इनसाइड कोकोनट! माय व्हिलेज कोकोनट! नो स्मेल, नो वॉटर, लाइफटाइम गॅरंटी!"

काका छताकडे बघू लागला.

तपासनिसांनी सीटच्या खालच्या कडेतून चिमटीने एक तांबूस धागा ओढून काढला, उजेडात धरला, आणि खरंच, वासही घेतला. मग अबू नासेरना म्हणाले की गाडी उत्तम आहे आणि लिलावात जाईल. फक्त ही मागची सीट चालणार नाही. तिकडची गिऱ्हाइकं सीट उघडून बघतात. तिकडे एक कारागीर जुन्या पद्धतीची नवी सीट बांधून देईल, तेव्हा ही इथेच काढून ठेवा. पुढच्या सीटचा भरावही तिकडेच बदलतील.

आबांच्या लक्षात आता आलं होतं, आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला. ते कानटोपी काढून हातात चुरगाळत होते.

अबू नासेर सीटकडे बघत होते. मग म्हणाले, "टेलर, मेरा बाप नारियल पर बैठता था?"

"हां, शेठ."

"मेरा बाप मरने तक बोलता था, सब गाडी में कमर दुखता, इस में नहीं दुखता." त्यांनी शिवणीवर हात ठेवला. "ये साहब बोलता, ये सीट गाडी का नहीं. निकालने का. तो फिर ये कागज किस के लिए?" आणि त्यांनी दारावरचा कागद ओढून काढला, पाठोपाठ चिकटपट्टी, पाठोपाठ प्लास्टिक. "कल मैं खुद गाडी गॅरेज ले जाता, सीट निकालने. तुम पीछे बैठो."

तपासनिसांनी घड्याळाकडे बघितल्यासारखं केलं आणि उशी उचलून चहाला निघून गेले.

कुवेतला गेलात तर गल्फ रोडने एकदा तरी जा, जमल्यास सकाळी, समुद्र उजव्या हाताला येईल अशा दिशेने. आम्ही रविवारी निघालो. अबू नासेर स्टिअरिंगवर, काका त्यांच्या शेजारी, मी आणि आबा मागे. आत चढण्याआधी आबांनी चपला काढून हातात घेतल्या. सीटवर बसले आणि सीटने त्यांना हळूच वर उचलून धरलं. वय झालं तरी काथ्या दमला नव्हता.

साल्मियाहून रस्ता समुद्राला लागतो. तिथून पाणी सोडत नाही. हिरवी वेगाने जातच नव्हती, ती डुलत होती. शेजारून जाणारे हॉर्न वाजवत, हात हलवत, एक बाई चालत्या गाडीतून मोबाइलवर फोटो काढत होती. बनेद अल-गारला आमच्या फ्लॅटची खिडकी दिसली. पुढे कुवेत टॉवर्सचे निळे गोल, मासळीबाजार, होड्यांचा धक्का. अम्गराला जायला खरं तर सरळ, जवळचा रस्ता आहे. अबू नासेरनी तो घेतला नाही.

"टेलर, कैसा है?" त्यांनी आरशातून विचारलं.

आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि एक हात सीटवर, शिवणीवर होता. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो मला नीट लिहिता येत नाहीये. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

अम्गरा हे पर्यटनस्थळ नव्हे. भंगाराचे डोंगर, लोखंडाचा खणखणाट, वेल्डिंगच्या ठिणग्या. पण तिथल्या टपरीवरचा दुधाचा चहा मी सबंध प्रवासात प्यायलेला सर्वांत चांगला चहा. गॅरेजमध्ये सीटला पाना लावण्याआधी काका म्हणाला, "दादा, गाऱ्हाणा घाल." आमच्याकडे कुठलंही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. एक जण मागणं मागतो, बाकीचे हुंकार देतात. गॅरेजमधले आपले सगळे हातातली कामं टाकून गोळा झाले. आबा गाडीसमोर हात जोडून उभे राहिले.

"हे देवा म्हाराजा! आज ही हिरवी दर्यापलीकडे जातासा, तिच्या वाटेर काय आडकाठी असात ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण तिका घेतलो, त्याच्या घराक सुख दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमच्या शेठचा भला कर रे म्हाराजा!"

अबू नासेरनी मला विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, दुआ आहे, तुमच्या गाडीसाठी. त्यावर ते उशिरा, पण सगळ्यांहून मोठ्याने म्हणाले, "आमीन!"

सीट निघाली. भंगारवाला दारातच उभा होता. अबू नासेरनी त्याला हाताने परत पाठवलं आणि काकाला सांगितलं, की ही जहाजाने कुडाळला पाठव, खर्च माझा.

सी-कार्गोने सामान पाठवणार असाल तर दीड-दोन महिने धरून चाला. मार्च सरता सरता टेंपो आमच्या अंगणात आला. कुवेतहून खोकं आलंय म्हटल्यावर शेजारीपाजारी जमले. खोक्यातून सोफ्यासारखी एक सीट निघाली. आईने कमरेवर हात ठेवून ती बघितली. "जन्मभर आखातात ऱ्हवान आणलास काय, तर आपलोच काथो!" मग बसून बघितलं, आणि अर्धा तास उठली नाही.

आता ती पडवीत आहे. हे मी तिच्यावरच बसून लिहिते आहे. प्रवासातून फोटो आणि चॉकलेटं सगळेच आणतात, पण मला त्या आठ दिवसांतलं जे राहिलं ते रोज टेकायला मिळतं. आबा जपून वागले असते तर ही सीट प्लास्टिकमध्ये बंद होऊन अमेरिकेला गेली असती आणि ते काचेतून बघून परत आले असते. भाव पाडणारं ते बोलणंच त्यांना गल्फ रोडला घेऊन गेलं, हे आठवलं की मला अजून हसू येतं.

गेल्या महिन्यात, या जानेवारीत, हिरवी टीव्हीवर आली. केबलवाल्याच्या मागे लागून आम्ही ते चॅनल सुरू करून घेतलं होतं. कुडाळात सकाळचे पोहे चालू होते. पडवीत टीव्ही आणला, सीटवर आबा, आई आणि मी. दिव्यांखाली हिरवी फिरत होती, सजवलेल्या नवरीसारखी. आकडा पळाला, गेल्या वर्षीच्या निळीला मागे टाकून पुढे गेला, आणि हातोडा पडला. कॅमेरा मागच्या सीटवर गेला. आबांनी ती नीट न्याहाळली.

"शिलाई बरी हा," ते म्हणाले. "बाकी बसल्याशिवाय काय सांगूचा?"

तेवढ्यात फोन वाजला. अबू नासेर. मागे दिवाणियातला आरडाओरडा ऐकू येत होता. आबा बराच वेळ नुसतं "हां शेठ, हां शेठ" करत होते. मग एकदम ताठ बसले.

फोन ठेवून माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटेना, इतका तो तरुण दिसत होता. अबू नासेरनी आलेल्या पैशातून दुसरी जुनी गाडी घेतली होती, वाळूत सापडलेली, आत नुसत्या स्प्रिंगा. ही विकायची नाही, बसायची.

"भाऊ सुट्टीर कधी येतासा गो?" आबांनी विचारलं. "त्याका सांग, जाताना बॅगेत जागा ठेव. लोणचा न्हेवचा नाय."